‘दोन रट्टे द्या, पोर सरळ येतं’ : नाही, येत नाही

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो. त्याचा सारांश असा: आमच्या वेळी दोन रट्टे बसले की पोरं सुतासारखी सरळ यायची. आताचे आईबाप भावना समजून घेत बसतात, म्हणून मुलं डोक्यावर चढली. तेव्हा रडणाऱ्याकडे लक्ष देऊ नका आणि चिडणाऱ्याला एक ठेवून द्या. हे वाचून कुणीतरी खरोखरच हात उगारेल, म्हणून उत्तर देते आहे.

‘मार खाऊन आम्ही बिघडलो का?’ पुष्कळजण नाही बिघडले. ते मारामुळे की मार खाऊनसुद्धा, हे मात्र एकेकाच्या आठवणीवरून ठरत नाही. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या संशोधकांनी २०१६ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले. मार खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि मानसिक त्रास जास्त दिसला. ती जास्त ऐकतात, असं दिसलं नाही. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे मान्य. पण माराचा फायदा कुठे आहे, ते तरी दाखवा. शाळेत मारायला तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बंदीच आहे.

‘रडू दे, आपोआप गप्प होईल.’ यात थोडं तथ्य आहे. बिस्किटासाठी चाललेल्या किरकिरीकडे काणाडोळा करायला हरकत नाही. पण चार वर्षांचं पोर दुकानात फरशीवर लोळण घेतं, श्वास अडकेपर्यंत रडतं, तेव्हा ते स्वतःला आवरूच शकत नसतं. त्या क्षणी समजावणं त्याच्या कानात शिरत नाही. खाली बसा, म्हणजे तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर येईल. आवाज नेहमीपेक्षा हळू ठेवा. ‘गाडी हवी होती ना? नाही मिळाली म्हणून राग आलाय. गाडी आज घ्यायची नाही. मी इथंच आहे.’ एवढंच, आणि मग गप्प. लोक बघतात, बघू देत. तुमचाच पारा चढत असेल तर आधी दोन-चार श्वास सावकाश सोडा. तुमचा आवाज चढला की त्याचाही चढतो.

‘शांत राहणारे आईबाप बोटचेपे.’ वरचं बोलणं पुन्हा वाचा. गाडी घेतलेली नाही.

‘वयात आलेल्यांची नुसती नाटकं.’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. भावना मात्र आधीच पूर्ण जोरात येतात. दहावीच्या निकालादिवशी मुलगा दार लावून बसला, तर शेजारच्या पोराचे टक्के काढू नका. दारावर टकटक करा, ‘जेवण झाकून ठेवलंय, मी बाहेरच्या खोलीत आहे’ म्हणा आणि खरंच तिथे थांबा. ही मुलं समोर बसवून विचारलं की मिटतात. भांडी आवरताना किंवा स्कूटरवर मागे बसल्यावर आपणहून बोलतात.

आणि ‘मला जगायचंच नाही’ असं तोंडातून निघालं, तर त्याला नाटक म्हणू नका. जीव द्यायचा विचार येतोय का, असं सरळ विचारा. विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही. मुलाला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.