आरे-वारेला पोहायला पाठवणारा तो मेसेज

सुट्ट्या जवळ आल्या की गणपतीपुळ्याचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. त्यातला सल्ला थोडक्यात असा: देवळासमोरच्या किनाऱ्यावर गर्दी आणि घाण, तिथे उतरू नका. रत्नागिरीच्या रस्त्यावर आरे-वारेला जा. तिथे माणूस नाही, पाणी निळंशार. लाटा फुटत नाहीत अशी शांत जागा बघा, ओहोटीच्या वेळी उतरा म्हणजे पाणी गुडघाभरच राहतं. पावसाळा सोडला तर मुलाबाळांना घेऊन बिनधास्त पोहा.

आरे-वारे देखणा आहे, यात वाद नाही. वरच्या वळणावरून दिसणारा तो किनारा आणि सुरूचं बन बघायला जरूर जा. पण 2025 च्या जुलैत याच आरे-वारेत एकाच कुटुंबातले चौघे बुडाले. त्यानंतरही हा सल्ला पुढे ढकलला जातो, याचा मला संताप येतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात घातक ओळ आहे ती ‘शांत जागा बघा’ ही. समुद्राच्या तळाशी किनाऱ्याला समांतर वाळूचे दांडे तयार होतात. लाटा या दांड्यांवर येऊन फुटतात आणि पाणी आत ढकलतात. आत आलेल्या पाण्याला परत जायला वाट लागते. दांडा जिथे तुटलेला असतो तिथून ते जोरात बाहेर पळतं. या फटीत पाणी खोल असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. वरून बघणाऱ्याला दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे एक गुळगुळीत, जरा गडद पट्टा दिसतो. मेसेज ज्या जागेत मुलांना उतरवायला सांगतो ती नेमकी हीच. थोडा वेळ उभं राहून बघा: त्या पट्ट्यातला फेस, पालापाचोळा, ढवळलेली वाळू समुद्राकडे सरकताना दिसली, तर तो बाहेर ओढणारा प्रवाह आहे. ताकदीचा प्रवाह सेकंदाला दोन मीटरच्या पुढेही जातो. त्याच्या विरुद्ध शर्यतीतल्या पोहणाऱ्यालाही किनारा गाठता येत नाही.

ओहोटीचंही तेच. पाणी उथळ होतं हे खरं, पण ते बाहेर चाललेलं असतं, आणि दांडे उघडे पडू लागले की त्यांच्यामधल्या फटींतली ओढ वाढते. शिवाय ओहोटीला माणूस पाण्याच्या मागे मागे आत चालत जातो, आणि गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल एकदम खड्ड्यात पडतं.

भरती-ओहोटी कळायला मोबाइलही लागत नाही. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला लावून बघा. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण आणि नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. आता गणपतीपुळ्यात सर्वाधिक गर्दी कधी असते? संकष्टीला, अंगारकीला. लोक दर्शन घेतात, जेवतात, ऊन उतरलं की चार-साडेचारला पाण्यात जातात. नेमकी तेव्हा ओहोटी लागलेली असते आणि अंधार पडेपर्यंत ती चालूच राहते. त्या दिवशी डुंबायचंच असेल तर सकाळी दहा-अकराला, पाणी चढत असताना, कमरेच्या आत राहून डुंबा. तेव्हाही समोर कोणी जीवरक्षक हवाच.

‘गर्दी नाही’ हा तर पोहण्याच्या दृष्टीने किनाऱ्याचा दोष आहे. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर ठेवण्यातच त्याची ताकद जाते आणि सगळा खेळ काही मिनिटांत संपतो. अशा वेळी शिट्टी, दोर आणि रिंग घेऊन उभा असलेला माणूस लागतो. देवळासमोरच्या किनाऱ्याला धोके आहेतच, तिथेही माणसं बुडाली आहेत. पण तिथे जीवरक्षक नेमलेले असतात, होड्यांवरची आणि टपऱ्यांवरची माणसं असतात, आणि कुठे उतरू नये हे त्यांना ठाऊक असतं. पाण्यात जाण्याआधी त्यांना विचारा. जीवरक्षकाने शिट्टी मारली तर हुज्जत न घालता बाहेर या.

स्वच्छतेबद्दल मेसेज रंगावर भरवसा ठेवतो. कोकणातलं गढूळ पाणी पुष्कळदा नुसत्या गाळाने गढूळ असतं. उलट सांडपाण्यातले जंतू नितळ पाण्यातही दिसत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे समुद्रस्नानाच्या पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू 100 मिलिलिटरला 100 पेक्षा जास्त नसावेत. हे प्रयोगशाळेतच कळतं. आपल्या हातात आहे ते एवढंच: पऱ्या (छोटा ओढा) किंवा गटार कुठे समुद्राला मिळतं ते बघायचं, त्याच्यापासून लांब राहायचं, आणि मोठा पाऊस झाला की एक-दोन दिवस पाण्यात जायचं नाही. खाडीचं मुख तर दोन्ही कारणांनी टाळावं. रत्नागिरीजवळ भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. अशा जागी वरच्या वस्तीची घाणही येते आणि ओहोटीला खाडीचं पाणी जबर ओढतं.

कागदोपत्री तपासलेला किनारा हवा असेल तर जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून गुहागर गाठा. 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या ज्या किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मिळाला त्यात गुहागर आहे. किनाऱ्यांना दिलं जाणारं हे आंतरराष्ट्रीय मानांकन 33 निकषांवर मिळतं आणि त्यात पाण्याची नियमित तपासणी, जीवरक्षक वगैरे येतं. पण ते ठरावीक पट्ट्यापुरतं असतं, दरवर्षी नव्याने मिळवावं लागतं आणि जातंही: विशाखापट्टणमच्या ऋषिकोंडाचं 2025 मध्ये काही काळ काढून घेतलं होतं. समुद्र मात्र झेंडा बघून ओढ कमी करत नाही, तेव्हा भरती-ओहोटीचा हिशेब तिथेही करा.

‘पावसाळा सोडला तर’ याला उत्तर रायगड जिल्ह्यातल्या मुरूडचं. 1 फेब्रुवारी 2016 रोजी, पावसाळ्यापासून चार महिने दूर, सहलीला आलेले पुण्याचे 14 विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. आभाळ निरभ्र असतानाही लांबच्या समुद्रातल्या वादळाच्या लाटा आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळू शकतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा उंच लाटांचे इशारे देते. निघण्याआधी तेवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

राहिला पोहता येण्याचा मुद्दा. तलावात पोहणारे समुद्रात ओढले गेले की किनाऱ्याच्या दिशेने जीव तोडून हात मारतात आणि दमून बुडतात. ओढ जाणवली तर आधी उताणे होऊन तरंगा, हात वर करा. ओढ अरुंद असते, म्हणून किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि लाटा फुटताना दिसतात तिथून आत या. आणि जवळचा माणूस बुडताना दिसला तर मागोमाग उडी मारू नका. अशाने एकाच घरातले दोघे-तिघे जातात. जीवरक्षकाला हाक मारा, दोर, रिकामा कॅन, थर्माकोलचा बॉक्स, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका, त्याच्यावरची नजर हलू देऊ नका, आणि दुसऱ्या कुणाला तरी 112 ला फोन लावायला सांगा.