कात्रणांचं पोतं

"ताई, आपण वह्या करतो की कात्रणं?"

मदतीला येणाऱ्या मावशींनी हे विचारलं तेव्हा मी आधी हसले. मग पोत्याकडे बघितलं आणि गप्प झाले. त्या आठवड्यातलं ते दुसरं पोतं होतं.

मी हाताने शिवलेल्या वह्या करून विकते. दोन टेबलं, एक कटिंग मशीन, दोऱ्याची रिळं, एवढाच पसारा. पहिल्या दिवसापासून माझ्या पाकिटांवर 'पर्यावरणपूरक' असं छापलेलं होतं. पुनर्वापराचा कागद, सुती दोरा, वर एक कापडी पिशवी भेट. फोटोत सगळं कसं तपकिरी-तपकिरी दिसायचं. (तपकिरी रंग म्हणजे पर्यावरण, हे कोणी ठरवलं देव जाणे.) आणि आत पोती भरत होती.

चूक कुठे होती ते सांगते, कारण ती इतकी बारीक होती की माझा अजून विश्वास बसत नाही. माझी वही चौकोनी, १५ सेंटीमीटरची. का १५? आकडा गोळीबंद वाटला म्हणून, दुसरं काही कारण नाही. दुमडून शिवायची म्हणजे ३० बाय १५ चा तुकडा हवा. ए-थ्री कागद असतो २९.७ बाय ४२ सेंटीमीटरचा. त्यातून असा एकच तुकडा निघतो. दुसरा निघता निघता राहतो, फक्त ३ मिलिमीटर कमी पडतात म्हणून. हिशोब केला तर कागदाचा ३६ टक्के भाग वहीत आणि ६४ टक्के पोत्यात.

मग वही १४.८ ची केली आणि तुकडा कागदावर फिरवून आडवा घेतला. एका कागदातून दोन तुकडे निघायला लागले. जेवढ्या कागदात १०० वह्या व्हायच्या तेवढ्यात २००. शिवाय १२.४ सेंटीमीटरची जी पट्टी उरते तिच्या छोट्या टिपणवह्या होतात, आणि खरं सांगायचं तर त्याच आधी संपतात. वही २ मिलिमीटरने लहान झाल्याचं आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलेलं नाही.

हे सगळं करताना मी कागद 'पुनर्वापराचा' घेत होते आणि त्याचं मला कौतुक होतं. पण कागदाचा लगदा पुन्हा पुन्हा केला की त्यातले तंतू आखूड होत जातात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागद धरून ठेवायच्या लायकीचे राहत नाहीत, नवे तंतू मिसळावेच लागतात. म्हणजे मी एक फेरी विकत आणत होते आणि निम्म्याहून जास्त फेरी न वापरताच परत पाठवत होते. एकही अक्षर न लिहिलेला कागद रद्दीत.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. घरात आपण एखादी चूक करतो ती एकदा होते. धंद्यात तीच चूक ठरवलेल्या मापासारखी बसते आणि हजारदा होते. म्हणूनच छोट्या धंदेवाल्याच्या हातात घरातल्या माणसापेक्षा जास्त आहे, आणि मोठ्या कंपनीपेक्षा ते लवकर हलवता येतं. मला माप बदलायला एक दुपार लागली. कोणाची सही घ्यावी लागली नाही.

आता खोलीत एक ताणकाटा टांगलेला आहे. दर शनिवारी जे बाहेर जाणार ते आधी काट्याला लावायचं आणि वहीत लिहायचं: कात्रणं, बिघडलेला माल, पॅकिंग, परत आलेली पार्सलं. चारच रकाने. पहिल्या दोन महिन्यांत कळलेली गोष्ट म्हणजे कात्रणांखालोखाल वजन होतं जुन्या कव्हरांचं. जास्त छापली की नगामागे स्वस्त पडतात, म्हणून दर वेळी गरजेपेक्षा दुप्पट छापून घ्यायचे. मग डिझाइन जुनं व्हायचं आणि गठ्ठा कपाटाच्या तळाशी. स्वस्तातलं काय महाग पडतं ते काट्याने दाखवलं. आता कमी छापते, नगामागे जास्त मोजते आणि वर्षाकाठी कमी खर्च करते.

पॅकिंगमध्ये तर मी सपशेल फसले होते. प्लॅस्टिकऐवजी 'कंपोस्टेबल', म्हणजे कुजून खत होणारी, पाकिटं घेतली, वर पानाचं चित्र वगैरे. एक पाकीट कुतूहल म्हणून कुंडीत पुरलं. काही महिन्यांनी माती उकरली तर पानाचं चित्रसुद्धा जागच्या जागी! नंतर नीट वाचल्यावर उलगडा झाला. अशा पाकिटांवर अनेकदा 'ईएन १३४३२' हे युरोपीय मानक लिहिलेलं असतं आणि ते औद्योगिक कंपोस्टसाठी आहे. तिथे ढीग आठवडेच्या आठवडे ५५-६० अंशांवर तापत राहतो. कुंडीतल्या मातीला तेवढा ताप कुठून येणार? जिथे असा प्रकल्पच नाही तिथे ते पाकीट म्हणजे चांगल्या घरचा कचरा, इतकंच.

तीच गत प्लॅस्टिकवरच्या त्रिकोणाची. बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा दिसला की आपण समजतो, झालं, याचा पुनर्वापर होणार. तो आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ही पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली. तुमच्या भागात ती जात कोणी गोळा करतं का, हे त्यातून अजिबात कळत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लॅस्टिक कचरा झाला त्यातला जेमतेम ९ टक्के पुनर्वापरात गेला होता.

आणि माझी ती कापडी पिशवी! २०१८ साली डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने पिशव्यांचा हिशोब मांडला. साध्या प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी व्हायला सुती पिशवी, फक्त हवामानावरचा परिणाम धरला तरी, ५२ वेळा वापरायला हवी. सेंद्रिय सुताची असेल तर १४९ वेळा. पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर आकडे हजारांत जातात. या हिशोबात उघड्यावर फेकलेली, नदीनाल्यात गेलेली पिशवी धरलेली नाही, त्यामुळे प्लॅस्टिक निर्दोष ठरतं असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक वहीबरोबर एक नवी कापडी पिशवी, ज्या घरात आधीच दाराच्या खुंटीला आठ पिशव्या लटकताहेत त्या घरात? ती भेट मी बंद केली. दोघा-तिघांनी विचारलं, "यंदा पिशवी नाही का?" नाही म्हटलं. कोणी वही परत केली नाही.

आता पार्सल जातं ते आलेल्याच खोक्यातून. कागद येतो, दोरा येतो, त्यांचीच खोकी पुन्हा वापरायची. एकीने फार चिडून लिहिलं होतं, 'जुन्या खोक्यात माल पाठवता?' बरोबर होतं तिचं. मी जुनं लेबल तसंच ठेवलं होतं आणि ते गबाळं दिसत होतं. त्यानंतर एक शिक्का बनवून घेतला: 'या खोक्याचा हा दुसरा प्रवास.' जुनं लेबल खरवडायचं, वर शिक्का. तीच खोकी, पण आता लोक त्यांचे फोटो टाकतात. काटकसर करायचीच तर ती नीटनेटकी असावी, नाहीतर लोकांना ती चिक्कूपणा वाटते.

शाळेत आपल्याला 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवायचे. बाटलीचा पेनस्टँड, सीडीचं घड्याळ. त्यातलं टिकलं किती? बहुतेक वस्तू प्रदर्शनानंतर बाटलीसकटच कचऱ्यात गेल्या. फक्त आता त्यावर डिंक आणि चमकी चिकटलेली, म्हणजे पुनर्वापराचीही सोय गेली. टिकाऊ आणि टाकाऊ यांत लिहिताना फरक एका वेलांटीचा आणि एका कान्याचा, पण क्रम महत्त्वाचा आहे. जे आधीच टिकाऊ आहे ते टाकाऊ होऊ न देणं हे पहिलं काम. ते कंटाळवाणं असतं, त्याचा फोटो चांगला येत नाही.

घरातही मला हेच दिसतं. नवीन 'हरित' वस्तू आणण्याचा उत्साह भरपूर, आणि फोनची बॅटरी बदलून घ्यायचा कंटाळा. फोनच्या आयुष्यात जो कार्बन हवेत जातो त्यातला बहुतांश आपण डबा उघडायच्या आधीच, तो बनवताना गेलेला असतो. म्हणून तोच फोन आणखी दोन वर्षं चालवणं हे चार्जर वेळेवर बंद करण्यापेक्षा कितीतरी मोठं काम. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे.

अर्थात सगळं आपल्याच आळसावर ढकलायचं नाही. १९२४ साली दिव्याचे बल्ब करणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र बसून 'फीबस' नावाचा गट केला आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणलं. त्याआधी बल्ब दीड-दोन हजार तास चालत होते. जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड व्हायचा. आणि 'तुमचा कार्बन फूटप्रिंट किती?', म्हणजे तुमच्यामुळे हवेत किती कार्बन जातो, हा प्रश्न घराघरात पोचवला बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी, २००० नंतरच्या दशकात. तेल विकणाऱ्याने आपल्याला विचारायचं की तुम्ही किती जाळता! हे कळलं की चीड येते. पण म्हणून मी माझं पोतं भरू द्यावं का? चीड त्यांच्यासाठी ठेवायची आणि काटा आपल्या खोलीत.

मला अजून न जमलेली गोष्ट म्हणजे लॅमिनेशन. कव्हरवर जो मऊ, मॅट थर असतो तो पॉलिप्रॉपिलीनचा पापुद्रा. कागदाला असा चिकटतो की लगदा करताना वेगळा निघाला तर निघाला, नाहीतर गेला कचऱ्यात. तो नसेल तर कव्हर पिशवीत घासून कडांना पांढरं पडतं आणि लोक म्हणतात, वही जुनी दिली. पाण्यावर आधारलेलं वॉर्निश लावून बघितलं, दुमडीवर तडकलं. दुमडीपाशी कापडाची पट्टी लावली तर तडा झाकला जातो, पण शिवायला वेळ दुप्पट.

सध्या तशा तीन वह्या माझ्याच पिशवीत टाकल्या आहेत, किल्ल्या आणि पाण्याच्या बाटलीबरोबर. मावशी रोज एक वही बाहेर काढतात, नखाने कड खरवडतात आणि परत आत टाकतात. काल म्हणाल्या, "ही कापडाची पट्टीवाली अजून बरी आहे. पण ताई, पट्ट्या कापताना जे उरतं ना, त्याचं पोतं वेगळं लावायचं का?"