उशिरा आलेलं पाचारण आणि घरातले बाकीचे

आमच्या यांना वयाच्या ५४व्या वर्षी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू व्हायचंय. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घ्यायची, थिऑलॉजी शिकायची आणि रीतसर दीक्षा घ्यायची. इंदूरच्या आमच्या गोतावळ्यात बातमी पसरली तसे लोकांचे दोन तट पडले. काहींना वाटतं, केवढी ही देवाची कृपा! बाकीच्यांना वाटतं, रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी उद्योग हवाच. मला दोघांचाही राग येतो.

पहिल्या तटाचं लाडकं उदाहरण म्हणजे बायबलमधला मोशे. फारोपुढे उभा राहिला तेव्हा ८० वर्षांचा होता, निर्गमच्या सातव्या अध्यायात आहे. कबूल. पण गणनाच्या आठव्या अध्यायात लेव्यांसाठी, म्हणजे देवाच्या मंडपात सेवा करणाऱ्या वंशासाठी, नियमही आहे : २५व्या वर्षी सेवेला लागायचं, ५०व्या वर्षी थांबायचं. तो दुसऱ्या तटाला तोंडपाठ. त्याच्या पुढचं वचन मात्र कुणीच वाचत नाही. थांबलेल्या लेव्याने मंडपात आपल्या भावांच्या मदतीला राहावं, असं तिथे म्हटलंय. म्हणजे जबाबदारी संपली तरी घरी बसायची सोय नाही!

मला त्यापेक्षा नीळकंठशास्त्री गोरे जवळचे वाटतात. आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर वाढलेले मराठी, काशीचे, पुढे ख्रिस्ती पाळक झालेले. बाप्तिस्मा १८४८ मध्ये झाला, आणि पूर्ण दीक्षा मिळाली १८७० मध्ये, पंचेचाळिशीत. एवढा मोठा पंडित, तरी मध्ये बावीस वर्षं गेली. आमच्याकडे मंडळींना सगळं पुढच्या रविवारपर्यंत हवं असतं.

आणि टिळक. रेव्हरंड टिळकांचं नाव निघालं की आमच्या सासूबाईंचा आवाजच बदलतो. पण ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९०० मध्ये, हे सासूबाई कधी सांगत नाहीत. त्या पाच वर्षांत त्या बाईवर काय गुदरलं असेल, यावर प्रवचन झालेलं मी तरी ऐकलं नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. पाळक निवडणाऱ्या चर्चच्या समितीने यांना मुलाखतीला बोलावलं. गुडघे कसे आहेत, ग्रीक झेपेल का, खेड्यात राहाल का, सगळं विचारलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. चहा बाहेर आला, प्रश्न एकही आला नाही. उद्या बिशपसाहेबांनी आमखूटसारख्या खेड्यात पाठवलं तर सामान मीच बांधणार आहे. सासूबाईंचं इन्सुलिन, फ्लॅटचे उरलेले हप्ते, माझी शाळेतली नोकरी, हे कुठल्या रकान्यात भरायचं? पंचविशीतल्या मुलाला पाचारण होतं तेव्हा तो एकटा उठून जातो. चोपन्नाव्या वर्षी अख्खं घर उठतं. मग घरालाही आत बोलवा, आणि आमच्यापैकी कुणी नाही म्हटलं तर तेही ऐकून घ्या.

आता विचाराल, बाई, मग तुमचा विरोध आहे का? नाही. मध्यंतरी आमच्या मंडळीतल्या एका घरचा तरुण मुलगा अपघातात गेला. शवागाराबाहेर आमचे नवे पाळक उभे होते, पहिलीच नेमणूक, कोवळं पोर. त्यांनी तेविसावं स्तोत्र वाचलं आणि मग हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. हे मात्र त्या मुलाच्या वडिलांना बूट घालून देत होते, ते अनवाणीच धावत आले होते. मग पोलिसांचा कागद कुठल्या खिडकीवर मिळतो ते बघायला गेले. आई-वडील आणि धाकटा भाऊ यांना माती दिलेला माणूस आहे हा. हे कुठल्याच वर्गात शिकवता येत नाही.

आणखी एक गोष्ट लोक दबक्या आवाजात बोलतात, मी उघड लिहिते. तरुण पाळकाचं घर चर्चचं, पगार बेताचा, मुलांची फी डोक्यावर. चर्चच्या जमिनीचे वाद पेटले की तो गप्प बसतो, बिचारा दुसरं काय करेल? ज्याचं स्वतःचं छप्पर आणि पेन्शन आहे, त्याला नाही म्हणायला कमी भीती वाटते.

पण वयाची सूट अजिबात नको. सहा महिन्यांचं सर्टिफिकेट आणि गळ्यात कॉलर, हे मी चालू देणार नाही. पूर्ण बी.डी., म्हणजे थिऑलॉजीची पदवी करा. जबलपूरचं १९२३ पासूनचं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज जवळ पडतं, पण यांचा ओढा पुण्याच्या यूबीएसकडे (युनियन बिब्लिकल सेमिनरी). ते १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला गेलं. तिथे निदान बाजारात मराठी कानावर पडेल, म्हणतात. (इथे उपासना हिंदीत, प्रवचन हिंदीत. मराठी फक्त घरच्या प्रार्थनेत आणि भांडणात.) हॉस्टेलमध्ये पोरं अंकल म्हणतील, म्हणू देत.

तयारी सुरू आहे. रात्री जेवणं झाली की ओटा पुसून होईपर्यंत हे टेबलावर हिब्रू अक्षरं गिरवतात, उजवीकडून डावीकडे. दालेत आणि रेश यांत फरक फक्त एका कोपऱ्याचा : दालेतचा टोकदार, रेशचा गोल. चष्मा लावूनही चुकतात. मग मी बोट ठेवून दाखवते. त्यामुळे मला वीसेक अक्षरं येऊ लागली आहेत, हे समितीला कळवू नये.

यांचा अर्ज गेलाय. मी वेगळं पत्र लिहून समितीकडे वेळ मागितली आहे, उत्तर आलेलं नाही. आलं तर सांगेनच. तोवर कुणाकडे हिब्रूचं जुनं व्याकरण पडून असेल, मोठ्या टाइपातलं, तर इनबॉक्समध्ये कळवा. पोस्टाचा खर्च आम्ही देऊ.