अ‍ॅप आणा, पण पलीकडे माणूस बसवा

एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांसाठी समुपदेशनाची अ‍ॅप, चॅटबॉट, गोळ्यांची आठवण करून देणारे मेसेज, यांवर हल्ली बरंच बोललं जातंय. मी या साधनांच्या बाजूची आहे. गावातलं कुणी भेटू नये म्हणून जवळचं एआरटी सेंटर (जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात) सोडून लांबच्या सेंटरला नाव घालणारे कितीतरी जण आपल्याकडे आहेत. त्यांची दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, आणि कौन्सेलरसमोर बसायला मिळतात थोडी मिनिटं, तीही बाहेर रांग ताटकळत असताना. लग्न ठरतंय, मुलाला सांगू कसं? बाळाला अंगावरचं पाजू का? हे प्रश्न तिथे ओठांवर येऊन परत जातात. घरून विचारता आले तर मोठाच आधार होईल.

पण विचारल्यावर उत्तर कोण देणार?

केनियात एक साधा प्रयोग झाला, २०१० साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दर आठवड्याला क्लिनिककडून एसएमएस जायचा: कसं काय? उत्तर 'ठीक' किंवा 'अडचण आहे'. अडचण असली, किंवा दोन दिवसांत उत्तरच आलं नाही, तर क्लिनिकमधला माणूस स्वतः फोन करायचा. वर्षभराने मेसेज मिळणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला होता, इतरांत ४८ टक्के. दक्षिण भारतात ६३१ जणांवर असाच अभ्यास झाला, २०१४ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथे आठवड्याला आपोआप येणारा फोन आणि चित्राचा मेसेज होता. उपचार निकामी ठरण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. दोन्हीकडची परिस्थिती वेगळी होती, हे मान्य. तरी मला त्या परत येणाऱ्या फोनचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. गोळ्या विसरल्या म्हणूनच चुकतात असं नाही. सासरी लपवाव्या लागतात म्हणून चुकतात, मन खचलं म्हणून चुकतात. तिथे अलार्म काय करणार?

आणि फोन तरी कुणाचा? अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो, तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. स्क्रीनवर 'एआरटी' एवढी अक्षरं झळकली तरी त्या बाईचं घर उठू शकतं. २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची माहिती उघड करायला मनाई करतो आणि नोंदी ठेवणाऱ्या संस्थांवर ती माहिती सांभाळायची जबाबदारी टाकतो. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी तो आधी वाचावा. अ‍ॅपचं नाव, चिन्ह, मेसेजचे शब्द हे सगळं पॉझिटिव्ह लोकांच्या गटांसोबत बसून ठरवावं.

आज १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन टोल-फ्री आहे. साध्या बटणाच्या फोनवरूनही लागते, काही डाउनलोड करावं लागत नाही. नंबर जवळ ठेवा, गरजूला द्या.

आपल्या जिल्ह्यात नवं अ‍ॅप येतंय असं कळलं तर एवढं जरूर विचारा: रात्री कुणी 'गोळ्या बंद करतेय' असं लिहिलं, तर ते सकाळी कोण वाचणार, आणि सेंटरवरची कौन्सेलरची जागा भरलेली आहे का?