590 रुपयांच्या थकबाकीबद्दल ताईंनी लिहिलेल्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. दुकानाचा मालक स्वतः लिहितोय. रविवारी रात्री तुमची तक्रार वाचली. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडे हप्त्यावर घेतलेलं आणि परत केलेलं वॉशिंग मशीन आज तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या रिपोर्टात, 590 रुपये थकबाकी म्हणून दिसतंय, त्यापायी पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं कर्ज बँकेने अडवलंय, आणि आमच्या दुकानातल्या मुलाने फोनवर "भरून टाका ना मॅडम, 590 च तर आहेत" असं सांगितलं. शेवटी असंही की, आम्ही कमिशनसाठी तुमचं सिबिल खराब केलं.

सोमवारी आमचं दुकान बंद असतं. तो अख्खा दिवस माळ्यावरच्या जुन्या फायलींत गेला. 2022 च्या दसऱ्याच्या गठ्ठ्यात तुमच्या बिलाची गुलाबी प्रत सापडली. तिच्यावर डिलिव्हरीवाल्याने पेनाने लिहिलंय, "डाव्या बाजूला पोचा, ग्राहकाने घेतले नाही", आणि खाली तुमची सही. म्हणजे पोचा पडलेलं ते मशीन तुमच्या घरात गेलंच नाही. बिल आम्ही 8 ऑक्टोबरला रद्द केलं आणि फायनान्स कंपनीकडून आलेले पैसे 21 तारखेला त्यांना परत पाठवले. बँकेच्या उताऱ्यात ती नोंद आहे.

पुढचं तुमच्या रिपोर्टच्या फोटोवरून लक्षात येतं. कंपनीने कर्ज बंद केलं 14 नोव्हेंबरला, आणि त्याआधीच, 5 नोव्हेंबरला, पहिला हप्ता तुमच्या खात्यावर टाकला. बिलच रद्द झालं म्हटल्यावर हप्त्याचे पैसे खात्यात कोण ठेवील? हप्ता बाउन्स झाला, 500 रुपये दंड, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 590. मुद्दल मिटलं, दंड तसाच राहिला. रक्कम एवढीशी, पण रिपोर्टात दर महिन्याच्या चौकटीत थकलेले दिवस चढत जातात, 30, 60, 90. नव्वदच्या पुढे गेलं की बँक ते खातं बुडीत कर्जांच्या रांगेत बसवते. गृहकर्ज देणारा साहेब 590 बघत नाही, त्या चौकटी बघतो.

आता आमची चूक. पैसे परत पाठवायला आम्ही तेरा दिवस लावले, ते दोन दिवसांचं काम होतं. आणि त्या दिवशी काउंटरवर तुम्हाला "झालं, आता तुमचा काही संबंध नाही" असं सांगितलं. कर्ज बंद झाल्याचं पत्र, एनओसी, हातात येईपर्यंत पाठ सोडू नका, हे सांगायला हवं होतं. दोन्ही गोष्टींची मी मनापासून माफी मागतो.

कमिशनचा आरोप मात्र मान्य नाही. रद्द झालेल्या बिलावर आम्हाला एक रुपया मिळत नाही. शिवाय सिबिलवर नोंद टाकणं किंवा पुसणं कुठल्याच दुकानदाराच्या हातात नसतं. ती नोंद कर्ज देणारी बँक किंवा फायनान्स कंपनीच पाठवते आणि तिच्या होकाराशिवाय सिबिलवालेही ती बदलत नाहीत.

आमच्या मुलाचा सल्ला चुकीचाच होता. ताई, ते 590 असेच भरू नका. भरले तर बाकी शून्य होईल, पण उशिराच्या चौकटी तशाच राहतील, आणि दंड तुम्हाला मान्य होता असाही अर्थ निघेल. कमी रकमेत मिटवून देतो असं कुणी म्हणालं तर तेही नको, 'सेटल्ड' हा शेरा त्याहून वाईट. तुमचं मागणं दंड रद्द करून नोंद दुरुस्त करण्याचं हवं.

त्यासाठी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि त्याच दिवशी सिबिलच्या वेबसाइटवर त्या खात्यावर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची हरकत, टाका. त्याला पैसे पडत नाहीत. एजंट हजारो रुपये मागतात, देऊ नका. सिबिलसारख्या आणखी तीन कंपन्या आहेत, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींकडून वर्षाला प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा, कारण हीच नोंद तिथेही असू शकते आणि पुढची बँक कुणाचा रिपोर्ट बघेल सांगता येत नाही. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. म्हणून तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथेही फी नाही. चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे. जानेवारी 2025 पासून कर्जदात्यांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे कंपनीने दुरुस्ती मान्य केली की ती रिपोर्टात उतरायला पूर्वीसारखा महिना-दीड महिना लागू नये.

दुकानाच्या लेटरहेडवर मी पत्र तयार केलंय. मशीन पोचवलं गेलं नाही, बिल कधी रद्द झालं, पैसे कोणत्या तारखेला परत गेले, सगळं त्यात आहे. सोबत गुलाबी प्रतीची आणि बँकेच्या उताऱ्याची झेरॉक्स जोडली आहे. गृहकर्जाच्या बँकेलाही हेच दाखवा, फाइल नामंजूर करण्याऐवजी दुरुस्ती होईपर्यंत थांबवून ठेवा अशी विनंती करता येते. आमच्याकडे आता रद्द बिलाची फाइल ग्राहकाची एनओसी लागल्याशिवाय बंद होत नाही. हे तुमच्या प्रकरणानंतर सुरू केलंय, आधी करायला हवं होतं.

तक्रार काढून टाका असं मी म्हणणार नाही. कमिशनची ओळ तेवढी कागद बघून झाल्यावर तुम्हाला पटली तर बदला. त्रिमूर्ती चौकातल्या दुकानात तुमच्या बिल नंबरचं पाकीट काउंटरवर ठेवलंय, मी नसलो तरी मिळेल. आणि फायनान्सच्या शाखेत जाल तो दिवस आदल्या रात्री कळवा, मूळ गुलाबी प्रत घेऊन मी सोबत येतो.