राजीनामा कसा द्यावा आणि परत कसं यावं

मंत्री राजीनामा देऊन गेले, खातं दुसऱ्या मंत्र्याकडे 'अतिरिक्त कार्यभारा'वर आहे, साहेबांना वेळ नाही, म्हणून मंत्र्यांपुढच्या अपिलाची सुनावणी परवा पुन्हा पुढे गेली. नवी तारीख? 'मंत्री ठरले की कळवू.' हरकत नाही. वाचकहो, उद्या तुम्हीही मंत्री व्हाल आणि कधीतरी राजीनाम्याची वेळ येईलच. तेव्हा नीट द्या.

पत्र मुख्यमंत्र्यांकडे द्यायचं, ते राज्यपालांकडे पाठवतात. चुकूनही विधानसभा अध्यक्षांच्या नावाने लिहू नका. त्याने आमदारकी जाते, आणि इतका त्याग कुणी मागितलेला नाही.

मुहूर्त अधिवेशनाच्या तोंडावरचा. तेव्हाचे वनमंत्री संजय राठोडांनी 28 फेब्रुवारी 2021 ला दिला, दुसऱ्या दिवशी अधिवेशन.

'नैतिक जबाबदारी' कोर्टाने हाणल्यावरच सुचते. 5 एप्रिल 2021 ला उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितलं, आणि तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुखांची नैतिकता त्याच दिवशी जागी झाली.

सगळ्यात भरवशाचं कारण मात्र प्रकृती. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून 9 डिसेंबर 2024 चा. तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडेंचा निकटवर्तीय त्यात आरोपी. तीन महिने विरोधक ओरडत होते, बीड पेटलं होतं, राजीनामा काही येईना. मग आरोपपत्रातले खुनाचे फोटो बाहेर आले, घराघरांत लोकांना जेवण जाईना, आणि 4 मार्चला स्वीय सहायकाच्या हातून पत्र पोचलं. कारण? सद्सद्विवेकबुद्धी, आणि शिवाय डॉक्टरांचा सल्ला! पक्षाध्यक्ष अजित पवार म्हणाले, नैतिकतेपोटी. एकाच राजीनाम्याला इतकी कारणं, आणि ज्यासाठी राज्य पेटलं ते कारण सरळ शब्दांत कुणाच्याच तोंडी नाही. अहो, आजारी माणूस रजेचा अर्ज देतो. ते फोटो बाहेर आले नसते, तर हा डॉक्टर काय बोलला असता?

बंगला पंधरा दिवसांत सोडायचा असतो. असा नियम आहे. ऑगस्ट उजाडला तरी मुंडेंचा 'सातपुडा' बंगल्यात मुक्काम होताच.

परतीची काळजी नको. आर. आर. पाटील 26/11 नंतर राजीनामा देऊन गेले, वर्षभरात परत त्याच गृहखात्यात. राठोड ऑगस्ट 2022 मध्ये, सरकार बदलल्यावर. 2012 साली तर अजित पवारांचं उपमुख्यमंत्रिपद सप्टेंबरात सुटलं आणि डिसेंबरात परत मिळालं.

पुरे झाली थट्टा. 1956 मध्ये चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, आणि का सोडलं ते लोकसभेत उभं राहून सांगितलं, पंतप्रधानांचं काय चुकलं त्यासकट. मंत्रिमहोदय, तुम्हाला चार ओळींत एक खरी ओळ लिहवत नाही? तुम्ही जाता, खातं कुणाच्या तरी गळ्यात बांधलं जातं, अपिलं तुंबतात, सह्या अडतात, त्याचं तुम्हाला काही नाही. आणि हे परत शपथ घेऊन आले की जेसीबीतून फुलं उधळणारे तुम्ही लोक, क्लीन चिट कुणी दिली, तो कागद कधी मागितलात का?