तारे बघून जेवा

गणपतीला गावी निघालाय ना? मग एक धोक्याची सूचना ऐकून ठेवा. तुमच्या गावच्या स्वयंपाकघरात एकाही डब्यावर पौष्टिकतेचा तारा नाही. उकड्या तांदळाच्या डब्यावर नाही, कुळथाच्या पिठावर नाही, आणि बाजारात टोपलीत पडलेल्या बांगड्यावर तर नाहीच नाही. तुमच्या आजे-पणज्यांनी काय खाल्लं, त्याला किती गुण होते, कुणालाच ठाऊक नाही. बिचारे तसेच नव्वदीपर्यंत जगले.

तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही असं करू नका. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं सप्टेंबर २०२२ मध्ये पाकीटबंद पदार्थ किती पौष्टिक ते दाखवायला त्यांना अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याचा मसुदा काढला. त्यावर वाद झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२५ मध्ये न्यायालयानं नियम ठरवायला मुदत घातली आणि ती वाढवूनही दिली. तारे कधी का उगवेनात, तुम्ही सराव आत्तापासून सुरू करा.

पद्धत सोपी आहे. दर १०० ग्रॅममागे ऊर्जा, साखर, संपृक्त चरबी आणि सोडियम यांचे वाईट गुण मोजायचे. फळं-भाज्या, कडधान्यं, भरडधान्यं, तंतू, प्रथिनं यांचे चांगले गुण मोजायचे. मग वजाबाकी करून जे उरेल त्याचे तारे. गणितात आठ मार्क पडलेला पोरगा चित्रकलेच्या जोरावर वर ढकलावा, तसं साखरेत नापास झालेलं बिस्किट मूठभर कोंड्याच्या जोरावर वरच्या वर्गात जातं. साखर होती तेवढीच असते. पण निकालपत्र कसं छान दिसतं!

आता घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली बाहेर काढा. आगळात मीठ मरणाचं असतं, त्यावरच तर ते वर्षभर टिकतं. सोलकढीच्या पातेल्यात ते चमच्यानं पडतं, घरातल्या चार-पाच माणसांत वाटलं जातं, पण तारेवाल्याला त्याच्याशी काय करायचंय? तो १०० ग्रॅमचा हिशोब मांडणार. आगळ वाटीनं पिणारा माणूस मालवणात कुणी पाहिला नसेल, तरी सूत्रात तो आहे. तेव्हा आगळ नापास. त्याच न्यायानं लोणचं नापास, सुकट नापास, पापड नापास. जेवताना ताटाच्या डाव्या बाजूला बघूच नका.

त्याऐवजी साखर नसलेला कोला प्या. हसू नका, याला युरोपचा आधार आहे. फ्रान्सनं २०१७ मध्ये न्यूट्री-स्कोअर नावाची ए ते ई अशी रंगीत पट्टी आणली, ए सगळ्यात चांगलं, ई सगळ्यात वाईट. तिच्यात डाएट कोला बी, आणि ऑलिव्ह तेल आधी डी, मग सी. इटलीवाले भडकले. पुढे सूत्रच बदललं, तेव्हा तेल बीवर चढलं आणि डाएट पेयं खाली उतरली. इतकी उलथापालथ झाली, तरी ऑलिव्हच्या झाडाला त्याचा पत्ता नव्हता. आपल्या माडानंही मनाला लावून घेऊ नये. खोबरेलात संपृक्त चरबी ८० टक्क्यांहून जास्त, हे मात्र खरं आहे, आणि खाऱ्या मासळीनं रक्तदाब वाढतो तो वेंगुर्ल्यातही वाढतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. दोन वेळा खारा बांगडा खाणाऱ्या काकांना हे कुणीतरी सांगायलाच हवं. पण सरळ 'यात मीठ फार आहे' असं सांगितलं तर काकांनाही कळेल. मग शास्त्राची शान ती काय राहिली?

चिलीवाल्यांनी असाच अडाणीपणा केला. २०१६ पासून तिथं पाकिटावर काळे अष्टकोन छापतात: साखर जास्त, मीठ जास्त, संपृक्त चरबी जास्त, कॅलरी जास्त. तीन गोष्टी जास्त असतील तर तीन अष्टकोन. बेरीज नाही, वजाबाकी नाही, कोंडा टाकल्याची शाबासकी नाही. वर अशा वस्तू शाळेत विकायलाही बंदी. कंपन्यांच्या मेहनतीची काही कदर आहे की नाही?

कदर कशी करावी ते ऑस्ट्रेलियाकडून शिका. तिथल्या तारे पद्धतीत मायलोच्या, म्हणजे दुधात कालवायच्या चॉकलेटी भुकटीच्या, डब्यावर साडेचार तारे झळकत होते. हिशोब भुकटीचा नव्हता. साय काढलेल्या दुधात कालवलेल्या मायलोचा होता. नुसती भुकटी दीड ताऱ्याची. ओरड झाल्यावर २०१८ मध्ये कंपनीनं ते तारे काढून घेतले. युक्ती मात्र लाखमोलाची आहे. सासूबाईंनी करंज्यांवरून टोकलं तर सांगा, मी त्या पालेभाजीबरोबर खाणार आहे, हिशोब एकत्र धरा.

बाजारात गेलात तर मासळीवालीला मुद्दाम विचारा, "मावशी, ह्याला किती तारे?" ती बांगडा उचलून कल्ला उघडून दाखवेल. कल्ला लालभडक, डोळा वर आलेला, पोटाला बोट दाबलं तर खड्डा राहत नाही. "कल्ले बघ नी घे. तारे रात्रीचे बघ," म्हणेल. तिचं काही ऐकू नका. ही पद्धत राजपत्रात छापलेली नाही, आणि बांगडा पाकिटात नसल्यामुळे तो परीक्षेलाच बसलेला नाही. ताऱ्याविना बांगड्यापेक्षा तीन ताऱ्यांच्या नूडल्स बऱ्या, निदान कुठे उभे आहोत ते कळतं.

आणि तुमच्या वाडीतल्या बचत गटाला तेवढी फणसपोळी सुधारायला सांगा. गर आणि साखर वाळवून लाटलेल्या वस्तूला कोण तारे देणार? त्यात इसबगोल घाला म्हणावं, सोयाबीनच्या प्रथिनांची भुकटी घाला, थोडा गव्हाचा कोंडा चाळून घाला. अर्धा तारा तर नक्की वर जाईल. चवीला फणस लागेनासा झाला तर पाकिटावर त्याचं चित्र मोठं छापा.